कीबोर्ड बंद पडला तर काय करावे?



या अंकात बेणेप्रक्रिया, खत किंवा हुमणी यांपैकी कशाविषयीच लिहावयाचे नाही. कारखान्याच्या गट ऑफिसात टेबलावर जो कॉम्प्युटर असतो, त्याच्या कीबोर्डविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या उसाची लागण तारीख, जात, क्षेत्र आणि गट नंबर या चारही गोष्टी आज त्याच कीबोर्डवरून कारखान्याच्या दप्तरात जातात आणि तोडणीचा प्रोग्राम त्यावरूनच लागतो. तेव्हा तो बिघडला म्हणजे नुकसान क्लार्कचे होत नाही, ते सभासदाचे होते.

आणखी एक कारण आहे. आता कॉम्प्युटर फक्त कारखान्यापुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२२ साली देशातील ६३ हजार प्राथमिक शेती सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. आपल्यापैकी कित्येकजण विकास सोसायटीचे किंवा दूध संस्थेचे संचालक आहेत. कित्येकांच्या घरी शिकणारी मुले कॉम्प्युटर वापरतात. त्या सर्वांना ही माहिती उपयोगी पडावी.

आमचा अनुभव

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आडसाली नोंदींची गर्दी होती. आमच्या एका गट ऑफिसात सकाळी दहाच्या सुमारास कीबोर्ड बंद पडला. क्लार्कने दोन-चार बटणं दाबून पाहिली, कीबोर्ड उलटा करून आपटला आणि "साहेब, गेला हा, नवीन आणावा लागंल," असं सांगितलं. तालुक्याला माणूस पाठविला. नोंदीसाठी आलेल्या चौदा सभासदांना आम्ही "उद्या या" म्हणून परत पाठविले. त्यात एक आजी होत्या, दोन एस.टी. बदलून आलेल्या.

दुपारी नवा कीबोर्ड आला, तो जोडावा म्हणून क्लार्क टेबलाखाली वाकला आणि पाहतो तो काय, जुन्याची पिनच अर्धी बाहेर आलेली! कुणाचा तरी पाय वायरीत अडकला असावा. पिन आत दाबली, कीबोर्ड चालू. चौदा माणसांचा दिवस पिनेच्या दोन सुतांवर गेला.

आपल्या विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर आपण लगेच मोटर वर काढून वाइंडिंगला पाठवितो काय? नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. बिनखर्चाचे आधी, खर्चाचे शेवटी. हाच क्रम टेबलावरही ठेवावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

कीबोर्ड चालतो कसा?

कीबोर्ड वरून पाहता शंभराच्या आसपास बटणांची पाटी दिसते. स्वस्त आणि नेहमीच्या कीबोर्डात बटणांखाली रबराच्या लहान लहान टोप्या असतात व त्यांखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. मधल्या पडद्याला प्रत्येक बटणाच्या जागी भोक असते. बटण दाबले की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि बोट उचलले की रबर ते परत वर ढकलते.

या रेघा आडव्या-उभ्या अशा जाळ्यात असतात. प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. आतील एक चिप सेकंदाला कित्येक वेळा हे जाळे तपासत राहते. कोणती आडवी रेघ कोणत्या उभ्या रेघेला टेकली, त्यावरून कोणते बटण दाबले ते तिला समजते आणि त्या बटणाचा नंबर ती वायरीतून कॉम्प्युटरकडे पाठविते. त्या नंबराचे अक्षर काय करावयाचे, ते कॉम्प्युटर ठरवितो.

ठिबकवाल्यांना हे लवकर कळेल. एखादी लॅटरल तुंबली तर तिच्यावरचे सगळे ड्रिपर कोरडे पडतात, बाकीचे रान भिजते. तसेच येथे एक रेघ तुटली तर त्या रेघेवरची चार-सहा बटणे एकदम बंद होतात. म्हणून संपूर्ण कीबोर्ड बंद असेल तर दोष बहुधा पिन, वायर किंवा कॉम्प्युटरकडे शोधावा. काही बटणे गटाने बंद असतील तर दोष आतील रेघेत असावा. एकच बटण बंद असेल तर त्याच बटणाखाली घाण किंवा झीज असावी. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

तपासणीचा क्रम

१) प्रथम कीबोर्ड बंद आहे की कॉम्प्युटरच अडकला आहे, ते पहावे. माऊस हलवून पडद्यावरचा बाण हलतो का पहावे. मग कॅप्स लॉकचे बटण दाबावे. कीबोर्डावरील त्याचा दिवा लागतो-विझतो तो कीबोर्डाच्या मनाने नव्हे. बटणाचा निरोप कॉम्प्युटरकडे जातो आणि कॉम्प्युटर उलट निरोप देतो, तेव्हा दिवा लागतो. म्हणजे दिवा लागत-विझत असेल तर वायर शाबूत आहे, जाणे-येणे चालू आहे. दोष सेटिंगमध्ये किंवा ज्या प्रोग्राममध्ये काम चालले आहे त्यात शोधावा. बाणही हलत नसेल आणि दिवाही लागत नसेल तर बहुधा कॉम्प्युटरच अडकलेला असतो. सर्व बिनतारी कीबोर्डांवर असा दिवा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

२) मग पिन पहावी. आजचे बहुतेक कीबोर्ड चपट्या यूएसबी पिनेचे असतात. ती चालू कॉम्प्युटरवरही काढता-घालता येते. काढावी, आतील घाण फुंकावी आणि पुन्हा घट्ट बसवावी. तरीही चालले नाही तर दुसऱ्या खाचेत घालावी. पुढच्या बाजूच्या खाचा रोजच्या वापराने ढिल्या होतात, म्हणून शक्यतो मागच्या बाजूची खाच घ्यावी. जुन्या ऑफिसांत अजून कुठे कुठे जांभळ्या रंगाची गोल पिन सापडते. ही पद्धत १९८७ साली आली. जांभळी खाच कीबोर्डाची आणि हिरवी माऊसची. ही गोल पिन चालू कॉम्प्युटरवर काढू-घालू नये. कॉम्प्युटर बंद करावा, पिनेतील बारीक काड्या वाकलेल्या नाहीत हे पाहून ती सरळ बसवावी आणि मगच चालू करावा.

वायर सबंध लांबीभर हाताने चाचपावी. आमच्या एका गट ऑफिसाला लागून खताचे गोडाऊन आहे. तेथे दोनदा वायर उंदराने कुरतडलेली निघाली. टेबलाखाली न वाकता हे समजत नाही.

३) बिनतारी कीबोर्ड असेल तर आधी सेल बदलून पहावेत. खालच्या बाजूला चालू-बंदचे लहान बटण असते, ते पहावे. कॉम्प्युटरला लावलेला नखाएवढा रिसीव्हर जागेवर आहे का, तेही पहावे. झाडलोट करताना तो निघून केरात गेल्याचे उदाहरण आमच्याकडे आहे.

४) यानंतर सेटिंग. पुष्कळदा कीबोर्ड बिघडलेला नसतो, त्याला वेगळा हुकूम झालेला असतो. उजव्या बाजूच्या आकड्यांच्या पट्टीवरून आकडे उमटत नसतील तर नम लॉक दाबावे. ते बंद असले की तीच बटणे बाण इकडे-तिकडे नेण्याचे काम करतात. उसाच्या नोंदी करणारा क्लार्क सारे आकडे त्याच पट्टीवरून मारतो, म्हणून ही तक्रार फार येते.

दुसरा प्रकार असा. विंडोजमध्ये उजवीकडचे शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून धरले तर फिल्टर कीज नावाची सोय चालू करावी का, असा प्रश्न पडद्यावर येतो. हात थरथरणाऱ्या माणसासाठी ही सोय आहे. ती चालू झाली की झटकन दाबलेली बटणे कॉम्प्युटर मोजतच नाही. टेबलावर जागा नाही म्हणून सात-बाराच्या उताऱ्यांचा गठ्ठा कीबोर्डावर ठेवला जातो, शिफ्ट दबून राहतो, घाईत प्रश्नाला 'होय' दिले जाते आणि मग "कीबोर्ड मेला" अशी आवई उठते. माऊसने सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीखालील कीबोर्डच्या पानावर ही सोय बंद करावी. विंडोज दहामध्ये हेच पान ईज ऑफ ॲक्सेसखाली आहे.

तिसरा प्रकार भाषेचा. मराठीऐवजी इंग्रजी उमटते किंवा भलतीच अक्षरे येतात. इंग्रजी बटणांची मांडणी १८७४ साली बाजारात आलेल्या टाइपरायटरपासून चालत आली आहे. मराठीला मात्र एकच मांडणी नाही. टाइपरायटरवर शिकलेल्यांचा हात एका मांडणीवर बसलेला असतो, तर १९८६ साली सरकारने ठरविलेली इन्स्क्रिप्ट ही मांडणी वेगळी आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. एका मशिनवर दोन क्लार्क काम करीत असतील तर एकाची मांडणी दुसऱ्याला अडते. विंडोजचे बटण धरून स्पेस दाबले की मांडणी बदलते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कोणती भाषा चालू आहे ते लिहिलेले असते, ते आधी वाचावे.

५) एवढे करूनही चालत नसेल तर अदलाबदल करावी. शेजारच्या टेबलावरचा चांगला कीबोर्ड या कॉम्प्युटरला जोडावा आणि हा कीबोर्ड शेजारच्या कॉम्प्युटरला. चांगला कीबोर्डही येथे बंद राहिला तर दोष या कॉम्प्युटरचा. आपला कीबोर्ड तिकडेही बंदच राहिला तर दोष कीबोर्डाचा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि नवीन घ्यावा की न घ्यावा याचा निकाल येथेच लागतो.

६) दोष कॉम्प्युटरकडे निघाला तर अर्धे काम माऊसने सेव्ह करून, माऊसनेच कॉम्प्युटर रीतसर बंद करावा. भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. सुरू होता होता, विंडोजचे चिन्ह येण्यापूर्वी, पडद्यावर एफ-दोन किंवा डिलीट दाबण्याची सूचना येते. तेव्हा ते बटण लागू पडले, पण विंडोज आल्यावर कीबोर्ड बंद पडला, तर दोष विंडोजमधला समजावा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डाच्या नावावर माऊसचे उजवे बटण दाबून ते नाव अनइन्स्टॉल करावे आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा. विंडोज कीबोर्ड नव्याने ओळखून घेते. याही पुढचे काम मात्र कॉम्प्युटर विभागाच्या माणसाचे आहे, तेथे आपण हात घालू नये.

दरम्यान, सभासद समोर उभे असतील तर त्यांना परत पाठविण्याचे कारण नाही. कॉम्प्युटर चालू असला तर सेटिंगमधील कीबोर्डच्या त्याच पानावर ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो. तो सुरू केला की बटणांची पाटी पडद्यावर येते आणि माऊसने एक एक अक्षर टिपता येते. सुरुवातीलाच पासवर्ड अडला असेल तर त्या पानाच्या कोपऱ्यातील चिन्हातूनही हाच कीबोर्ड मिळतो. काम गाडीबैलाच्या चालीने होते, पण होते.

चहा, भुसा आणि मुंग्या

आपला धंदा साखरेचा, आणि कीबोर्डाला साखरेचेच वावडे. नुसते पाणी सांडले तर ते वाळून जाते, पण गोड चहा सांडला तर पाणी उडते आणि साखर मागे राहते. बटण चिकट होते, दाबलेले वर येत नाही, शिवाय मुंग्या येतात. हंगामात कारखान्याच्या आवारात बगॅसचा भुसा आणि चिमणीची काजळी उडत असते. ती चिकटपणावर बसली की बटणाखाली लगदा होतो.

काही सांडल्यास क्षणाचाही विलंब न लावता पिन काढावी, कीबोर्ड उलटा धरावा, फडक्याने टिपावा आणि निदान एक दिवस तसाच उलटा वाळत ठेवावा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नये, प्लॅस्टिकचे पडदे वाकतात. वाळण्यापूर्वी "चालतो का बघू" म्हणून जोडू नये. लॅपटॉपवर चहा सांडला तर प्रकरण अधिक नाजूक असते, कारण त्याच्या कीबोर्डाखालीच सगळी मशिनरी असते. त्वरित बंद करावा, चार्जर काढावा आणि जाणकाराकडे न्यावा.

रोजची काळजी सोपी आहे. आठवड्यातून एकदा पिन काढून कीबोर्ड उलटा करावा, हलकेच ठोकावा, मऊ ब्रशने फटी झाडाव्यात. संध्याकाळी त्याच्यावर कापड टाकावे.

बंद पडलेल्यापेक्षा अर्धवट चालणारा वाईट

आतापर्यंत सांगितले ते बंद पडलेल्या कीबोर्डाबद्दल. तो बिचारा प्रामाणिक असतो, चालत नाही म्हणून उघड दिसतो. खरे नुकसान केले ते दुसऱ्याने.

त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका गट ऑफिसात कीबोर्डावरचे एकाचे बटण चिकट झाले होते. एकदा दाबले की कधी कधी दोनदा उमटे. दहा तारखेचे एकशे दहा झाले तर कॉम्प्युटर घेत नाही, ओरडतो. परंतु १ चे ११ झाले तर मुकाट्याने घेतो, कारण ११ ही तारीख खरीच असते. एका सभासदाने १ ऑगस्टला केलेली लागण दप्तरात ११ ऑगस्ट म्हणून गेली. त्यांनी स्लिप घेतली, घडी करून खिशात ठेवली. आम्हीही वाचली नाही.

२०२४ च्या डिसेंबरात शेजारच्या बांधावर टोळी आली. शेजाऱ्याची लागण यांच्यानंतर चार दिवसांची. हे गृहस्थ थेट आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, माझा ऊस आधीचा, तोड मात्र त्याला आधी. वशिला कुणाचा ते सांगा." आम्ही पडद्यावर नोंद काढली आणि ११ ऑगस्ट दाखवून त्यांनाच खोटे पाडले. ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी चिटबॉयने हाताने लिहिलेले शेतावरचे पान काढले, त्यात स्वच्छ १ ऑगस्ट होती.

नोंद त्याच दिवशी दुरुस्त केली, पण टोळ्या पुढे गेल्या होत्या. त्यांना तोड मिळेपर्यंत आणखी आठवडा गेला. ऊस काढून त्या रानात गहू करावयाचा त्यांचा बेत होता, तो वेळ हुकला. मग आम्ही त्या टेबलावरच्या त्या पंधरवड्यातील सर्व नोंदी हाताच्या पानांशी ताडून पाहिल्या. आणखी तीन चुका निघाल्या. एक तारखेची होती आणि दोन गट नंबराच्या. चूक बटणाची होती, असे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही. बटणाने दोनदा उमटविले, पण न वाचता सही आम्ही केली, आणि खऱ्या माणसाला पडद्याच्या भरवशावर खोटे आम्ही ठरविले. त्या सभासदांच्या घरी जाऊन आम्ही तसे सांगितले. त्यांनी चहा दिला, एवढेच म्हणतो.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो. प्रत्येक गट ऑफिसात एक साधा वायरचा कीबोर्ड जादा ठेवलेला असतो. तो काही शे रुपयांत मिळतो आणि त्यापायी कुणाचा दिवस जाऊ नये. दर सोमवारी नोंदी सुरू करण्यापूर्वी क्लार्क एका कोऱ्या पानावर शून्य ते नऊ आकडे तीनदा मारून पाहतो. एखादा आकडा गळला किंवा दोनदा आला तर तो कीबोर्ड त्याच दिवशी बाजूला जातो. हाताने लिहिलेली शेतावरची पाने ऊस गाळून बिल निघेपर्यंत जपली जातात. आणि नोंद झाल्यावर क्लार्कने ती सभासदाला मोठ्याने वाचून दाखवावी, असा नियम केला आहे.

सभासदांना विनंती

यातील शेवटची गोष्ट तुमच्या मदतीशिवाय पुरी होत नाही. स्लिप हातात पडल्यावर टेबलासमोरून हलण्यापूर्वी पाच गोष्टी वाचाव्यात : नाव व सभासद नंबर, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख. चष्मा घरी राहिला असेल तर शेजारच्याकडून वाचून घ्यावी. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नये. चूक दिसली तर तेथल्या तेथे दुरुस्त करून नवी स्लिप मागावी, तो तुमचा हक्क आहे. स्लिप घरी नेऊन सात-बाराच्या पिशवीत ठेवावी. सोळा महिन्यांनी तिचे काम पडते.

आणि टेबलावर कुणी "कीबोर्ड बंद आहे, उद्या या" म्हणाले तर रागावू नये, पण लगेच मागेही फिरू नये. "टेबलाखालची पिन बघितली का?" एवढे विचारावे. आम्हाला त्याचा राग येणार नाही.

या लेखाबाबत कोणास काही विचारावयाचे असल्यास आपल्या गट ऑफिसात किंवा शेतकी विभागात समक्ष भेटावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी